करड्या पट्ट्यांचं छत

५ मार्च

आत्या,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, नोकरी सोडलेली नाही. फोन केला की तू पलीकडून "हो हो, जेवले" एवढंच म्हणतेस आणि मी विचारलेलं असतं भलतंच. तुझ्या कानात फोन नुसता गुणगुणतो, म्हणून लिहितोय. अक्षर तुझ्याच ओट्यावर बिघडलंय, तेव्हा तक्रार चालणार नाही.

परवा दादाचा फोन आला होता. तुझा मुलगा असला तरी आईची बातमी तो नोटीस वाचल्यासारखी सांगतो. म्हणाला, रस्ता रुंद करायला घरासमोरचं झाड तोडलं. आता ओट्यावरचं ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नाही. आई आत दिव्याखाली बसून रफू करायला लागली, तर कुणाच्या काळ्या कोटाला गडद निळा दोरा लागला. गिऱ्हाईक चार लोकांत बोललं, आणि तेव्हापासून आईने सुईला हात लावलेला नाही. एप्रिलच्या मध्याला दोघांना आमच्याकडे घेऊन येतोय, टेम्पो सांगितलाय.

आत्या, तू आणि दादाचा तिसरा मजला! तिथे जिने चढून कोण फाटकी पँट घेऊन येणार? आणि तू तिथे करणार काय, लिफ्टची दारं मोजणार? मला आठवतं ना, लोक कपडा न्यायला आले की तू तो त्यांच्या हातात ठेवून म्हणायचीस, "शोधा." ते उलटून पालटून बघायचे. भोक आपलंच, कपडा आपला, आणि सापडायचं नाही. शेवटी हसायला लागायचे. ते हसणं ऐकायला मी पायरीवर बसून राहायचो. एरवी मला कुणी एका जागी बसवून दाखवावं.

आता माझं. मी सध्या ज्यांच्या हाताखाली आहे त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. आमचं काम घरांच्या भिंतीला कापडी छत बसवण्याचं. हँडल फिरवलं की दोन लोखंडी हात कोपरातून उघडतात आणि कापड पुढे सरकतं. उलटं फिरवलं की सगळं गुंडाळून भिंतीला चिकटून बसतं. वीज नको, बटण नको. बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, पाण्याच्या बाटल्या सोडल्या, हे मात्र सुटत नाही. उस्ताद भोक पाडण्याआधी भिंतीला बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान लावतात. मग म्हणतात, "इथे धरेल," नाहीतर "इथे दगा देईल." एकदाही चुकलेले मी बघितले नाहीत.

दुकानासमोर नमुना म्हणून लावलेलं एक छत परवा उतरवलं. मी तुझ्या ओट्याची गोष्ट सांगितली तर उस्ताद म्हणाले, "ने." म्हणजे पाठव. आता हंगामात मला सुट्टी मिळणं कठीण, बसवायचं तुम्हालाच. तेव्हा एवढं कर. भिंत वाजवून बघ, कुठे भरीव आणि कुठे पोकळ ते लिही. माप कळव. आणि तोपर्यंत दादाला हो म्हणू नकोस.

तुझा,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आधी तुझ्या आतोबांनी वाचलं, मग मला दिलं, मग माझ्या हातातून घेऊन मोठ्याने वाचलं. अक्षर माझ्या ओट्यावर बिघडलं म्हणतोस, पण तू ओट्यावर होतास कधी? पाचवीचं पुस्तक उघडं टाकून गल्लीभर गरगरायचास, म्हणून तर हे नाव पडलं.

दादाला मी हो म्हणालेले नाही. नाहीही म्हणालेले नाही. त्याने त्यालाच हो धरलं. तो वाईट नाही रे, काळजीने करतो. लहानपणीसुद्धा मला विचारल्याशिवाय माझ्या चहात साखर घालायचा.

कोटाचं खरं सांगते. चूक होते, माणूस आहे. पण ती मला दिसलीच नाही, याची धास्ती बसली. दिव्याखाली दोन्ही दोरे काळेच होते. गिऱ्हाइकाने कोट दारात उजेडाला धरला आणि बोट ठेवलं. आजवर मी म्हणायचे 'शोधा', आणि त्याने शोधलं. तेव्हापासून सुईत दोरा ओवते आणि तशीच ठेवून देते.

रफूला उजेड हवा, ऊन नको. उन्हात रंग भाजतो, दिव्यात बुडतो. झाडाखाली होता तसा निवळ उजेड पाहिजे. आतोबांनी निळी ताडपत्री बांधून दिली होती. तिच्याखाली कोट निळा, दोरा निळा, आतोबा निळे. दुसऱ्या दिवशी सोडली.

तुझ्या उस्तादांसारखी भिंत वाजवली. शेजारीण विचारत होती, काही पुरलंय का म्हणून. दाराच्या वर आणि उजवीकडे ठस्स वाजते. डावीकडे जिथे जुनी खिडकी बुजवली तिथे डबडब. टेप आतोबांनी जपून ठेवलाय, म्हणजे गेलाच. म्हणून मेण ओढलेल्या दोऱ्याने मापलं. पांढरी गाठ दाराची उंची, तिथून काळी गाठ छपराच्या पत्र्यापर्यंत. भिंतीची लांबी दुसऱ्या दोऱ्यावर आहे, जिथून पोकळ सुरू होतं तिथे लाल गाठ. दोन्ही पाकिटात घातलेत.

छत आलं तरी मी सुई धरेनच असं समजू नकोस. तू कष्टी होऊ नयेस म्हणून आधीच सांगते.

आत्या

२२ मार्च

आत्या,

तुझा दोरा उस्तादांनी टेबलावर टेपला लावला. मग सैल सोडून परत लावला. मग ओला करून. केसाचा फरक पडला नाही. "कोणी मापलंय?" म्हणाले. म्हटलं, माझ्या आत्याने. तर म्हणतात, "तिला इकडे बोलावून तुला परत पाठवू का?" दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, पण छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण धरावं लागलं.

निळ्या आतोबांची गोष्टही सांगितली. त्यावर उस्ताद गंभीर झाले. नमुन्याच्या छताचं कापड लाल होतं. म्हणाले, "लाल कापडाखाली ती बाई काय करणार?" आणि स्वतः बसून कापड बदललं. आता करडे आणि पांढरे पट्टे आहेत. याच्याखाली पांढरं पांढरंच दिसतं. हेही जुन्या नमुन्याचंच आहे, थोडं वापरलेलं, पण धड.

पेटी दोन दिवसांत निघेल. आता नीट वाच, आणि आतोबांनाही मोठ्याने वाचू दे.

भिंतीला दोन लोखंडी पंजे बसतात, त्यांवर चौकोनी दांडा आणि दांड्यावर बाकी सगळा संसार. पंजा दांड्यावर हवा तिथे सरकवता येतो, म्हणून डावा पंजा लाल गाठीच्या अलीकडेच घ्यायचा. पोकळीत बिलकुल नाही. दादाला ड्रिल घेऊन बोलाव. दोन्ही पंजे एका ओळीत आले पाहिजेत, नाहीतर कापड एका बाजूला चढत जातं आणि जन्मभर तिरकं चालतं. वर उचलायला चार माणसं लागतील. आतोबा धरून नाही, आतोबा सोडून.

सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही हात पट्ट्याने आवळून बांधलेले असतील. त्या हातांच्या पोटात स्प्रिंग असते, दाबून ठेवलेली. छत भिंतीवर पक्कं बसेपर्यंत तो पट्टा कापायचा नाही. पट्टा सुटला तर हात असा फाटकन उघडतो की समोरच्याचे दात घरी न्यायला वेगळी पिशवी लागेल. आणि हँडल फिरवताना कापड पूर्ण पुढे गेलं की थांबायचं. तरी फिरवत राहिलं तर कापड खालून उलटं गुंडाळायला लागतं आणि झोळीसारखं लोंबतं. नवीन माणूस ही चूक करतोच. मी दोनदा केली आहे.

पुढची कड थोडी खाली ठेव, पाणी साचत नाही. वारा सुटला की गुंडाळून टाक. बस, एवढंच. बसलं की लगेच लिही.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पेटी आली. कापड सुरेख आहे, उस्तादांना माझा नमस्कार सांग. बसवायला अजून थोडा वेळ आहे, घाई नको.

काही विचारायचं होतं. कापडावरच्या पट्ट्यांचा रंग दोऱ्यातच मुरलेला आहे, की वरून छापलाय? हात उघडले की कापडावर ओढ केवढी बसते? म्हणजे समज, कुणी मोठा माणूस लोंबकळला एवढी, की त्याहून कमी? आणि याच कापडाचा एखादा तुकडा दुकानात उरला असेल तर पाठव. हातभर पुरे.

आतोबा बरे आहेत. जरा गप्प असतात.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. छताला कोण लोंबकळणार आहे? रंग छापील असला तर काय बिघडतं? तुकडा कशाला हवा, उशीला खोळ शिवणार आहेस? नको असेल तर सरळ नको म्हण ना. दादाने समजूत घातली, होय ना? आणि आतोबा गप्प? ते झोपेतसुद्धा बोलतात. सामान बांधायला लागलात तुम्ही.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. रंग दोऱ्यातच आहे, दोन्ही बाजूंनी सारखा. ओढ चांगलीच असते, दोन्ही स्प्रिंगा सारख्या पुढे खेचत राहतात, म्हणून तर कापड ताठ राहतं. पट्टे ज्या दिशेने जातात त्याच दिशेने ओढ. तुकडा पाठवलाय, नव्या ताग्यातला आहे.

काल एका घरी छत बसवलं. तिथली म्हातारी खुर्ची घेऊन लगेच खाली येऊन बसली, आम्ही अजून शिडी काढतोय तोवर. मला एकदम वाटलं, आपण जगातल्या सगळ्यांच्या ओट्यावर सावली बांधत फिरतोय आणि जिच्यासाठी हे काम शिकलो असं वाटतं तिच्या दारात पेटी पडून आहे. उस्तादांना म्हटलं, मी जाऊन येतो. ते म्हणाले, "ऐन हंगामात जाणाऱ्याला यायची गरज नसते." मी म्हटलं, मग नाही येणार.

पिशवी भरलेली आहे. तुझं पत्र येईपर्यंत थांबतो, पुढे थांबणार नाही.

भिंगरी

१६ एप्रिल

भिंगरी,

मी दादा. पिशवी रिकामी कर आणि उस्तादांची माफी माग. जागचा हलू नकोस. आईच लिहिणार होती, पण तुझा काही भरवसा नाही म्हणून मी आधी लिहितोय.

परवा मी टेम्पो आणि दोन हमाल घेऊन घरी गेलो. बघतो तर ओट्यावर दोन खाटा जोडलेल्या, शेजारी तुझं छत हातपाय बांधून आडवं ठेवलेलं, आणि त्याचं कापड सैल सोडून खाटांवर पसरलेलं. आई त्यावर वाकलेली. बाबा तिच्या डोक्यावर काळी छत्री धरून उभे, घामाने निथळत.

"हात दुखतोय गं," बाबा म्हणाले.

"पेटी कापताना नाही दुखला?"

तेव्हा कळलं. पेटी आली त्या दिवशी बाबांना दम निघाला नाही. चिकटपट्टी सोडवण्याऐवजी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरी ओढली. पुठ्ठ्याबरोबर आतलं कापडही उघडलं. अगदी पुढच्या कडेजवळ, पट्ट्यांना आडवा, वीतभर काप. दोन करडे पट्टे, दोन पांढरे. तू इतक्या लांबून पाठवलंस, तुला कळवायचं नाही, अशी आईची ताकीद होती. म्हणून ते प्रश्न. म्हणून बाबा गप्प.

मी म्हटलं, "आई, सामान भरायचं ना?"

ती मान वर न करता म्हणाली, "एक पट्टा राहिलाय."

मी पायरीवर बसलो. भिंगरी, मी तिचाच मुलगा, याच ओट्यावर वाढलो, पण तिचं काम असं बसून मी कधी बघितलं नव्हतं. तू बघायचास, मी अभ्यास करायचो. तू पाठवलेला तुकडा तिने उजेडात धरला आणि बाजूला ठेवला. "हा नवा आहे, उजळ दिसेल." मग छताच्या पुढच्या झालरीची दुमड उसवून तिच्यातून एकेक दोरा काढला. ऊन-पाऊस खाल्लेलाच दोरा, त्याच वयाचा. करड्याला करडा, पांढऱ्याला पांढरा. कापाच्या दोन्ही बाजूंना चांगली चार-चार बोटं आत शिरून एकेक दोरा एकाखालून, एकावरून नेत होती. मी म्हटलं, एवढं आत कशाला? म्हणाली, "ओढ याच बाजूने आहे. भिंगरीने लिहिलंय." टेम्पोवाला ओरडायला आला होता, तोही माझ्या शेजारी बसला. हमाल बसले. बाबांनी हात बदलला की छत्री हलायची, आणि आम्ही सगळे एकदम म्हणायचो, "सरळ धरा!"

शेवटचा दोरा ओढून तिने कापडावरून तळवा फिरवला, उठली आणि मला म्हणाली, "तुझी माणसं रिकामी बसलीत ना? ते वर उचलायला घे."

मग काय. शेजाऱ्याचं ड्रिल आणलं. लाल गाठीच्या अलीकडे डावा पंजा, तू लिहिलंस तसा. सामान उचलायला आलेल्या हमालांनी छत उचललं. बोल्ट आवळले, मग हातांना बांधलेला पट्टा कापला, तेव्हा सगळ्यांना मी बाजूला उभं केलं होतं, दातांसकट. हँडल बाबांनी मागून घेतलं. हात उघडायला लागले, कापड ताणत चाललं, आणि मी फक्त त्या एका जागेकडे बघत होतो. वाटत होतं आता उसवेल, आता उसवेल. कापड ताठ झालं. जागा तशीच राहिली. सगळे ओरडलो, त्या नादात बाबा फिरवतच राहिले आणि कापड झोळीसारखं खाली आलं. आई म्हणाली, "हेही लिहिलं होतं."

टेम्पो रिकामा गेला. जाताना टेम्पोवाल्याने सीटचं फाटकं कव्हर आणून दाखवलं. आईने "रेक्झिनला रफू होत नाही" म्हणून त्याला घालवलं. पण बघितलं नीट, उलटं करून, दोनदा.

दादा

२० एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

दादाने सगळं लिहिलं म्हणाला, म्हणजे माझ्यासाठी काही ठेवलं नसेल.

लपवलं म्हणून रागावू नकोस. तुझ्या पत्रातून तू त्या छतावर हात फिरवत होतास. त्यात आतोबांनी सुरी घातली हे कसं लिहू? वाटलं, आधी सांधते, मग सांगते. त्या संध्याकाळी काप बघितला आणि डोक्यात एकच आलं, पट्टे आडवे तुटलेत, रंग दोन आहेत, उद्या उजेडात बघू. धास्ती बिस्ती आठवलीच नाही. पहिला टाका घालून झाल्यावर लक्षात आलं की घातला. आतोबा म्हणतात, म्हणजे उपकार माझेच. त्यांना म्हटलं, छत्री अजून कोपऱ्यात आहे.

आता छताखाली बसून लिहिते आहे. दादाने वर चढून तो रफू शोधला. त्याला सापडला नाही. टेम्पोवाला चढला, त्यालाही नाही. पण खालून, ऊन डोक्यावर आलं की मला दिसतो. तिथे दोरे दुप्पट आहेत ना, उजेड कमी झिरपतो. बोटाएवढी गडद रेघ पडते. मी आजवर लोकांच्या कपड्यांना रफू केले आणि ते कपडे निघून गेले. आपल्याच कामाखाली कधी बसले नव्हते. दुपारी हात थांबला की वर बघते. बरं वाटतं.

दादाला मी माझ्या तोंडाने सांगितलं, भेटायला येईन, चार दिवस राहीन, पण राहायला येणार नाही. त्याने मान डोलावली, आणि मग मला विचारून चहात साखर घातली.

तू हंगाम सोडून येऊ नकोस. काम टिकव.

आत्या

२९ एप्रिल

आत्या,

माफी मागितली. उस्ताद म्हणाले, "कशाबद्दल?" त्यांनी माझं जाणं मनावर घेतलंच नव्हतं, पिशवी भरलेली बघून कपडे धुवायला नेतोय असं वाटलं म्हणे.

दादाचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. छत्रीपर्यंत हसत होते. झालरीतून दोरे काढल्याचं आलं तसे हसायचे थांबले. परत वाच म्हणाले. ओढीच्या बाजूला चार बोटं आत नेल्याचं वाचलं तर उठून दारापर्यंत जाऊन आले. म्हणाले, "मी इतकी वर्षं हे काम करतोय. काप गेला की आम्ही मागून ठिगळ चिकटवतो, आणि दोन उन्हाळ्यांत ते सोलून येतं. झालर डोळ्यांसमोर लोंबत असते, आणि कुणाला सुचलं नाही." मी तुझ्या पायरीवर बसून नुसतं लोकांचं हसणं ऐकायचो, आत्या. हात बघायला पाहिजे होते.

आता मुद्दा. आमच्याकडे एक छत परत आलंय. फांदी पडून कापड फाटलं, काप तुझ्याकडच्यापेक्षा मोठा, कोपऱ्याकडे वळलेला. मालक म्हणतो, कापड बदलायचं नाही, हेच हवं, त्याची बायको ज्या रंगाखाली बसायची तोच रंग हवा, आणि तो रंग आता निघत नाही. उस्तादांनी मला विचारलं, "तुझी आत्या करेल का?"

माझ्या जिभेवर हो आलं होतं. इतकं पुढे आलं होतं की दातांनी धरलं. म्हटलं, आमच्या घरात तिच्या वतीने हो म्हणून टेम्पो सांगून झालेला आहे, आता मी तसं हो म्हणणार नाही. तिलाच विचारतो.

तर विचारतो. कापडाचा रंग शेवाळी आहे. झालर शाबूत आहे. कापाखाली कागद ठेवून त्याचा आकार पेन्सिलने काढलाय, तो कागद आत आहे. जमणार नसेल तर तसं लिही, कुणी वाईट वाटून घेणार नाही. जमणार असेल तर कापड पाठवतो, आणि या वेळी पेटीवर चारी बाजूंनी मोठ्या अक्षरात लिहीन की सुरी वापरू नये.

भिंगरी